वाचकांचे प्रश्न : तारण माल आणि अमेरिकेतले शेतकरी

प्रश्न : बाजार समितीत सोयाबीन तारण ठेवून कर्ज मिळते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनीही पूर्वी अशीच मागणी केली होती का? – एक वाचक, परभणी

उत्तर : होय, आणि ती आपल्या योजनेपेक्षा धाडसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस उत्पादक दुकानदाराकडून उधारीवर बियाणे-किराणा घेई. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, वर उभे पीक गहाण. सुगीला सगळ्यांचा कापूस एकदमच बाजारात येई नि भाव कोसळे. मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको.

शेतकरी आघाडी (फार्मर्स अलायन्स) या शेतकरी संघटनेचे चार्ल्स मॅक्यून यांनी 1889 मध्ये उपाय मांडला : सरकारी गोदामात माल ठेवा, किमतीच्या 80 टक्के रक्कम 1 टक्का व्याजाने उचला, वर्षभरात भाव पाहून विका. वर्षाला 5 लाख डॉलरचा शेतमाल पिकवणाऱ्या प्रत्येक काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) गोदाम हवे होते.

अमेरिकेच्या संसदेने (तिथली काँग्रेस) ते मानले नाही. 1892 च्या अध्यक्षीय निवडणुकीत या शेतकरी चळवळीतून उभ्या राहिलेल्या पीपल्स पार्टीच्या जेम्स वीव्हर यांना 10 लाखांवर मते पडली. पण 1896 मध्ये पक्ष डेमोक्रॅटिक उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या, चांदीची नाणी मुक्तपणे पाडून चलन वाढवा, या प्रचारामागे गेला आणि गोदामांची मागणी मागे पडली. मोठी चूक होती ती. गोदामात ठेवलेल्या मालाच्या पावत्यांचा संघीय (केंद्रीय) कायदा 1916 मध्ये आला, तोही स्वस्त सरकारी कर्जाविना.