ज्वालामुखी फुटण्याआधी जमीन फुगते ती कशी मोजतात? बेळगावच्या काळ्या दगडाखालीही असं होईल का?
बेळगाव-निपाणीकडे तसं होणार नाही, कारण हा काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा थिजलेला लाव्हा आहे. जागत्या ज्वालामुखीवर मात्र फुगवटा टिल्टमीटर, जीपीएस आणि उपग्रहाच्या रडारने मोजतात. टिल्टमीटर एक मायक्रोरेडियन इतका कल टिपतो, म्हणजे 1 किलोमीटर लांब पट्टीचं एक टोक 1 मिलिमीटर उचललं तरी कळतं. उघड्यावर ठेवला तर तो ऊन-पावसानेच कलतो, म्हणून बोअर मारून खाली बसवतात. जीपीएसचा खांब थेट खडकात रोवायचा. मातीत रोवला तर पावसाळ्यात माती फुगते आणि तीच हालचाल आकड्यांत उतरते. आपल्या काळ्या रानात घरांच्या भिंती तडकतात त्याच कारणाने. सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या दोन वेळच्या प्रतिमा जुळवल्या की रंगीत पट्टे उमटतात, आणि रंगांचं प्रत्येक आवर्तन उपग्रहाच्या दिशेने सुमारे 2.8 सेंटिमीटर सरक दाखवतं. खानापुरासारखं दाट जंगल असेल तर सेंटिनेल-1 च्या 5.6 सेंटिमीटरच्या लहरी पानांतच विखुरतात, तिथे 24 सेंटिमीटर लांब लहरींचं एल-बँड रडार लागतं. हवेतल्या बाष्पानेही खोटे पट्टे उमटतात, तेव्हा प्रतिमांच्या एकाच जोडीवर विसंबू नका. आणि फुगवटा दिसला म्हणजे उद्रेक होणारच असं नाही: इटलीतल्या कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखी भागात 1982 ते 1984 दरम्यान पोझ्झुओली गावाची जमीन सुमारे 1.8 मीटर वर आली, पण उद्रेक झाला नाही. म्हणून भूकंपांच्या नोंदी आणि वायूंची मोजणी सोबत पाहावीच लागते.