मोठ्या टाईपचं बायबल घेण्याआधी त्याच्याकडून अनोळखी पान वाचून घ्या

ताई, तुमचा मुलगा दहा वर्षांचा, पुस्तक नाकाला टेकवून वाचतो, मे महिन्यात त्याचं पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी) आहे, आणि त्याला स्वतः वाचता येईल असं मराठी बायबल वेंगुर्ल्यात कुठे मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. वाचताना मला माझ्या लेकीचं तिसरीचं वर्ष आठवलं. तिला जन्मतः मोतीबिंदू होता. तान्ही असतानाच ऑपरेशन झालं, पण बुबुळं सतत हलतात आणि समोरून उजेड आला की तिला अक्षरं दिसेनाशी होतात. चष्मा, नेत्रतज्ज्ञ हे सगळं तुम्ही करतच असाल, त्यावर काही लिहीत नाही. मी डॉक्टर नाही. एका मुलीचा बाप म्हणून लिहितोय, तेवढ्यापुरतंच धरा.

माझी चूक दुकानात झाली. दुकानदाराने मोठ्या टाईपचं जाडजूड बायबल काढून दिलं, तेव्हाच्या माझ्या पगाराला जड जाणारं. खात्री करून घ्यावी म्हणून मी स्तोत्र २३ उघडलं आणि लेकीला म्हटलं, वाच. तिने घडाघड वाचलं. मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे पैसे मोजले. ते स्तोत्र माझ्या आईने तिला चार वर्षांची असल्यापासून झोपताना म्हणून दाखवलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती वाचत नव्हती, म्हणत होती.

घरी आल्यावर ती ते पुस्तक उघडेना. मी म्हणायचो, एवढं महागाचं आणलं आणि हिला कंटाळा. रागावलो, एकदोनदा सगळ्यांसमोर. हे वर्षभर चाललं. मग जुलैतल्या एका संध्याकाळी वीज गेलेली, पिवळ्या इमर्जन्सी दिव्यात आमची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाली आणि मी तिला लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाचा, पंधरावा अध्याय वाचायला दिला. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याआधीच्या ओळी तिने अडखळत वाचल्या आणि थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. ती म्हणाली, "पुढे काही नाही, पप्पा. येशू बोलतो तिथे नेहमी कोरंच असतं."

त्या आवृत्तीत येशूची वचनं लाल शाईत होती. पातळ कागदावर बारीक रेघेचा लाल टाईप आपल्यालाही काळ्यापेक्षा फिकाच दिसतो. ज्या मुलाला मुळात रंगांमधला फरक कमी कळतो, त्याला पिवळ्या दिव्यात तो जवळपास दिसतच नाही. स्तोत्रं जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातली, तिथे सगळं काळं, म्हणून दुकानातली माझी परीक्षा दोन्हीकडून फसली. पोरीला वर्षभर वाटत राहिलं की ती वचनं पुस्तकात छापतच नाहीत, फक्त फादर मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) सांगतात. यावर मी आजही शांतपणे बोलू शकत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: त्याने कधीही न ऐकलेला भाग द्या, नव्या करारातला द्या, आणि घरी तो ज्या दिव्याखाली बसतो तशाच उजेडात वाचून घ्या. लाल शाई आहे का ते बघायला मत्तयच्या शुभवर्तमानातले येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचे अध्याय ५ ते ७ उघडा. लाल शाईची आवृत्ती असेल तर तिथे पानंच्या पानं लाल असतात, लगेच कळेल.

वेष्टनावरच्या "मोठा टाईप" या शब्दांवर विसंबू नका. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे टाईपचा आकडा मोठा असला तरी मधलं अक्षर लहानच राहतं. ओळी एकमेकींना चिकटून असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात शिरतो. ध-घ, भ-म, ब-व यांची गल्लत तुम्ही पाहिलीच असेल. त्यात बायबलचा कागद इतका पातळ की मागची अक्षरं पुढे उमटतात आणि आपल्याकडच्या पावसात पानं लाटांसारखी होतात. झेरॉक्स मोठी करण्याचा खटाटोप मी केला. मागच्या पानाची अक्षरंही तितकीच मोठी होऊन आली.

शेवटी आम्ही घरीच छापलं. सुरुवात मार्कपासून, कारण चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्याय. एकच उतारा १८, २२, २६ आणि ३० आकारात छापून घ्या आणि तो अडखळायचा कुठे थांबतो ते ऐका. आमचं गाडं २६ वर स्थिरावलं. फाँट सगळीकडे सारख्या जाडीच्या रेघेचा हवा, मुक्ता किंवा बालू चालतील, दोन्ही फुकट मिळतात. पान एकाच स्तंभाचं, ओळींत दीडपट अंतर, कागद जाड आणि न चमकणारा, छपाई एकाच बाजूला, बांधणी स्पायरल. ओवींचे (बायबलमधल्या वचनांचे) बारीक आकडे मजकुरातून काढून समासात टाका, माझी लेक त्यांना अनुस्वार समजायची. अपंग व्यक्तीसाठी अशी सुलभ प्रत करायला कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून मुभा आहे, कलम ५२ मध्ये. कोणी हरकत घेतली तर सांगता येतं. विकायची मात्र नाही.

भाषांतराचं म्हणाल तर मोठं अक्षर आणि सोपी भाषा या दोन गोष्टी वेगळ्या, आणि त्याला दोन्ही हव्यात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. एकेक शब्द शोधत वाचणारं मूल लांब वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत कर्ता विसरून जातं. म्हणून छोट्या वाक्यांचं भाषांतर निवडा. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आम्हाला मानवलं. कॅथलिक आवृत्ती हवी असेल तर आत पुस्तकं ७३ आहेत ना ते बघून घ्या, प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६ असतात. तसा पहिल्या कम्युनियनच्या मुलाला यातला फरक लगेच जाणवणार नाही.

एक इशारा. ज्या मुलांची नजर नळीतून बघितल्यासारखी आक्रसलेली असते, त्यांना फार मोठं अक्षर उलट त्रासाचं ठरतं, कारण एका वेळी दोनच अक्षरं दिसतात. तुमच्या मुलाचं निदान तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून माझा २६ तसाच उचलू नका.

पुस्तक नाकाला लावतो म्हणून ओरडू नका. जवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत, ते त्याचं भिंग आहे. उतरता लाकडी स्टँड करून घ्या म्हणजे मान दुखणार नाही. खिडकी खांद्यामागे येईल असं ओटीवर बसवा. मोबाईलवर पीडीएफ देऊ नका. बोटांनी मोठं केलं की ओळ बाजूला पळते आणि तो पुढची शोधत बसतो. अक्षर मोठं केल्यावर ओळी आपोआप जुळवून घेणारं ॲप घ्या, काळ्या पानावर पांढरी अक्षरंही लावून बघा. ऑडिओ बायबल जरूर ऐकवा, पण वाचनाच्या बदल्यात नको, असं माझं ठाम मत आहे. त्याला स्वतः वाचायचंय असं तुम्हीच लिहिलंत.

कम्युनियनच्या दिवशी त्याला वाचन मिळणार असेल तर फादरांकडून तो उतारा महिनाभर आधी मागून घ्या आणि त्याच्या आकारात छापा. वेदीजवळच्या ग्रंथावर त्याचंच पान ठेवायची परवानगी आत्ताच विचारा. आम्ही ऐनवेळी विचारलं आणि लेकीला तिथलं मोठं पुस्तक हातात धरून उतारा पाठ म्हणावा लागला.