जिथे खेळायला मिळेल तिथे जा

प्रिय मित्रा,

मोठ्या फुटबॉल क्लबच्या राखीव संघात तुझं नाव आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथे तुझ्या जागेवर आधीच तिघं आहेत, आणि मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगमधला तो छोटा संघ तुला पहिल्या अकरांत घ्यायला तयार आहे. घरचे म्हणतात, मोठं नाव सोडू नकोस. तू माझं मत विचारलंस. माझं मत, छोट्या संघाकडे जा.

भारताच्या सुनील छेत्रीचे गोल तुला तोंडपाठ आहेत. त्याच्या २००९ ते २०१३ या वर्षांबद्दल मात्र मुलं फारशी बोलत नाहीत. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सला तो हवा होता. भारत फिफा क्रमवारीत खूप खाली, म्हणून वर्क परमिट नाकारलं गेलं. त्यात त्याच्या खेळाचा काय दोष? पुढच्या वर्षी तो अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे गेला, तर लीगच्या एकाही सामन्यात उतरायला मिळालं नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबने घेतलं. तिथे राखीव संघात मोजके सामने, बस.

लिस्बनमध्येच राहून ‘मी युरोपात असतो’ असं त्याला सांगता आलं असतं. तो लोनवर, म्हणजे तात्पुरत्या करारावर, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि त्याच मोसमात चर्चिलने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली. मग बंगळुरू एफसी. क्लब अगदी नवा, ना इतिहास, ना दबदबा; पहिल्याच मोसमात तोही विजेता. २०२४ मध्ये छेत्रीने निवृत्ती जाहीर केली तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. त्याच्या पुढे फक्त रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई. या गोलांमागे परत येण्याचे ते निर्णय आहेत, असं मी मानतो.

कारण स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, सामन्यातच घडतो. छेत्री काही उंचापुरा नाही, तरी हेडरवर त्याने किती गोल केले बघ. बाजूने क्रॉस येण्याआधी तो स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा जागी सरकतो आणि शेवटच्या क्षणी पुढे झेपावतो. हे सरावात कितीही घोकलं तरी अर्धंच जमतं. ऐंशीव्या मिनिटाला, पाय जड झालेले असताना, जर्सी ओढणारा स्टॉपर अंगावर असतानाच ती वेळ साधायला शिकता येते. तुझं पहिलं पाऊल वेगवान आहे, पण धाव तू फार लवकर सुरू करतोस. हा दोष बाकावर बसून जाणार नाही.

तिथे बघायला कोण येणार, असंही तू लिहिलंस. १ जून २०१८ ला अंधेरीच्या स्टेडियममध्ये मी होतो. चायनीज तैपेईविरुद्ध छेत्रीने हॅट्ट्रिक केली आणि बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकून, मैदानावर या म्हणून लोकांना हात जोडले. ४ जूनला, त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, भर पावसात तेच स्टेडियम भरलं. पण हॅट्ट्रिक आधी, रिकाम्या स्टँडसमोर झाली होती.

आणि आपल्या शहराच्या लीगला कमी लेखू नकोस. वांद्र्याच्या ज्या टर्फवर तू खेळतोस, त्याला नाव आहे त्या नेव्हिल डिसूझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले. तो मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळलेला माणूस.

सध्या कुठल्याच कागदावर सही करू नकोस. एकदा नोंदणी झाली की दुसरीकडे जायला क्लबची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते, आणि त्यात अख्खा मोसम निघून जाऊ शकतो. छोट्या संघाच्या कोचला भेट, तुला कुठल्या जागी खेळवणार ते स्पष्ट विचार. कॉलेजची हजेरी मात्र सोडायची नाही. सराव सकाळी असेल तर लेक्चर गाठता येतील का, तेही बघ. आईबाबांची काळजी रास्त आहे. रविवारी त्यांना घेऊन घरी ये, मी बोलतो त्यांच्याशी.

तुझा,
सर