वाचन न जमणाऱ्या मुलाला विशेष शाळेत घालावे का?

आपला मुलगा तिसरीत आहे, तोंडी उत्तरे चटकन देतो, पण वाचताना फार अडखळतो, म्हणून शाळेने त्याला विशेष शाळेत घालायला सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. मी विशेष शिक्षिका आहे आणि एवढ्या माहितीवरून तरी शाळा बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यांत दोष नसेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीची, चाचणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यानुसार अध्यापन करण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम 16 ने शाळांवर टाकलेली आहे. विशेष शाळांना मी कमी लेखत नाही. कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषेत बोलणारे सवंगडी तिथेच मिळू शकतात. मात्र आपल्या मुलाची अडचण लिपीपुरतीच दिसते.

ही अडचण नेमकी कुठे आहे ते पाहावे लागते. घ आणि ध किंवा भ आणि म यांत गोंधळ होणे ही एक गोष्ट, आणि खुणांचा क्रम न कळणे ही दुसरी. ‘कि’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात, पण तिचा उच्चार नंतर होतो, ‘सूर्य’ या शब्दात र् आधी उच्चारला जातो आणि रफार मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. डावीकडून उजवीकडे एकेक खूण वाचत जाणारे मूल इथे अडते आणि मग शब्दाचा अंदाज बांधू लागते. अशा वेळी तोच धडा दहादा लिहून घेण्याचा उपयोग होत नाही (दुर्दैवाने उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी तेच होते). शब्द आधी तोंडाने फोडायचा, मग एकच खूण घेऊन ती वाळूत बोटाने गिरवत मोठ्याने म्हणायची आणि ती पक्की झाल्याशिवाय पुढच्या खुणेकडे जायचे नाही, असे रोज थोडा वेळ, पण नियमाने करावे लागते. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले विशेष शिक्षक शोधावेत.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा विचार पालक बहुधा दहावी जवळ आल्यावर करतात. परीक्षेत तासामागे 20 मिनिटे जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी ते लागते, हे खरे. पण त्याने वाचन सुधारत नाही, आणि शिकवण्याची खरी वेळ आपल्या मुलाच्या बाबतीत आत्ताची आहे.

दरम्यान वर्गशिक्षकांना भेटून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: पूर्वतयारीशिवाय त्याला वर्गासमोर उभे करून वाचायला लावू नये, आणि परिसर अभ्यासासारख्या विषयांत त्याची उत्तरे तोंडी घ्यावीत.