पिकअपचं लॉक तुटलंय, म्हणून नवी गाडी घ्यावी का?

अंबडकडच्या एका दादांनी विचारलंय. २०१३ ची बोलेरो पिकअप आहे, कर्ज कधीच फिटलंय, घरची मोसंबी जालन्याला नेतात आणि बाकी दिवस गावातल्या लोकांचं भाडं मारतात. आधी चावी हलवून हलवून लागायची, आता नुसती गोल फिरते आणि गाडी चालूच होत नाही. गावातला वायरमन म्हणतो ४०० रुपयात डायरेक्ट करून, म्हणजे लॉक सोडून वायरी सरळ जोडून, बटण लावून देतो. गॅरेजवाला म्हणतो दरवाज्यासकट पूर्ण लॉक सेट टाका, मजुरीसकट ३,८०० होतील. आणि शोरूमचा माणूस म्हणतो जुनी २ लाख २० हजारात घेतो, वर ६ लाखाचं लोन करून देतो, १० टक्क्यानं ४ वर्षं, हप्ता १७,५००. दादांनी शेवटी लिहिलंय, "इकडं गाडी चालू होईना, तिकडं त्यो फोन करू करू डोकं खायलाय, काय करावं तेच कळंना."

दादा, पहिले तर शोरूमच्या त्या माणसाला आठ दिवस थांब म्हणा. गाडी दारात बंद उभी असताना माणूस घाईत असतो आणि घाईत घेतलेला हप्ता चार वर्षं फेडावा लागतो. लॉक तुटलं हा एक प्रश्न आहे आणि गाडी बदलायची का हा दुसरा, दोन्ही एकाच दिवशी समोर आलेत एवढंच.

आधी हप्त्याचं बघू. १७,५०० म्हणजे वर्षाचे २ लाख १० हजार, म्हणजे तुमच्या अख्ख्या गाडीची ते जी किंमत लावतायत जवळजवळ तेवढे दरवर्षी जाणार. आणि ते १० टक्के जे सांगतायत ते फ्लॅट आहेत, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखावरच लावलेलं आहे, ४ वर्षांचं २ लाख ४० हजार. बँक ज्या पद्धतीनं उरलेल्या रकमेवर व्याज मोजते तसा हिशोब केला तर हा दर साडेसतरा टक्क्याच्या आसपास जातो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तुम्हीच लिहिलंय की सिझनमध्ये डिझेल जाऊन ३५-४० हजार उरतात पण चार-पाच महिने ८-१० हजारावर काढावे लागतात. त्या महिन्यात १७,५०० कुठून आणणार? आपल्याकडं भाडं पाऊस ठरवतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं, पुरात उभं सोयाबीन गेलं. शेतात माल नाही तर पिकअपला भाडं नाही, पण हप्त्याची तारीख काय पुढं सरकत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नवी गाडी नको.

पण म्हणून ४०० वालं कामही करू नका, हे मी तेवढ्याच जोरानं सांगतो. आमच्या वडलांचा टेम्पो होता, तो असाच डायरेक्ट करून आम्ही दोन वर्षं चालवला. एकदा बाजारात जाताना डॅशबोर्डखालून धूर निघाला, वायर तापून वितळली होती. भरलेला माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागला, त्या दिवशीचं भाडं गेलं आणि वायरिंगला तीन हजार लागले. त्यात लॉकमध्येच स्टेअरिंग लॉक पण असतं. ते अर्धवट तुटलेलं तसंच राहिलं आणि चालत्या गाडीत अडकलं तर हँडल वळणार नाही, भरलेल्या गाडीला हे किती धोक्याचं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि काढूनच टाकलं तर बटण दाबून कुणीही गाडी नेईल. तुमचा इन्शुरन्स थर्ड पार्टीच असेल, जुन्या गाडीला बहुतेक जण तेवढाच काढतात, तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. म्हणजे २ लाखाच्या गाडीला राखण त्या लॉकचीच. फुल इन्शुरन्स असला तरी चोरीच्या क्लेमला कंपनी चाव्या मागते, तेव्हा बटण दाखवून कसं चालेल?

तर ३,८०० घाला. फक्त आधी एक खात्री करून घ्या. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डचे लाईट लागत असतील आणि नुसता सेल्फ मारत नसेल तर दोष लॉकमध्ये नसून मागच्या स्विचमध्ये, बॅटरीत किंवा सेल्फमध्ये असू शकतो, मग लॉक बदलून पैसे वाया. तुमची चावी नुसती गोल फिरते म्हणताय, त्यावरून मला लॉकचा सिलिंडरच, म्हणजे चावी जिथं घालतो तो भाग, गेलेला वाटतो, तरी मिस्त्रीला तुमच्यासमोर स्विच तपासायला लावा. नुसता सिलिंडर मिळत असेल तर स्वस्तात होईल, पण मग दरवाज्याला एक चावी आणि गाडीला दुसरी. ते चालणार असेल तर जरूर विचारा. बिल घ्या, दोन्ही चाव्या घ्या, एक घरी ठेवा. आणि गाडीच्या चावीला पाण्याच्या मोटारीची, घराची, गोठ्याची असा जुडगा लटकवू नका, त्या वजनानं आतल्या पट्ट्या झिजतात.

नवी गाडी कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. चेसिस गंजली, इंजिनचं मोठं काम निघालं, किंवा बारा महिने चालणारं पक्कं भाडं हाताशी आलं तर पुन्हा बसून हिशोब करू. तोपर्यंत एक वही करा, या वर्षी गाडीवर दुरुस्ती, टायर, पासिंग, इन्शुरन्स सगळं मिळून किती गेलं ते लिहा. आठ वर्षांवरच्या गाडीला पासिंग दरवर्षी आहे, ते धरा. माझ्या अंदाजानं तो आकडा २ लाख १० हजाराच्या जवळपासही जाणार नाही. आणि चांगल्या सात महिन्यात ८ हजार बाजूला टाकले तर वर्षाला ५६ हजार, तीन वर्षात १ लाख ६८ हजार होतात, बँकेत ठेवले तर वर व्याज, म्हणजे पुढं लोन घ्यायची वेळ आलीच तर ते बरंच लहान घ्यावं लागेल.

अजून एक, कर्ज फिटलंय म्हणताय पण आरसीवरून फायनान्स कंपनीचं नाव उतरवलंय का ते आजच काढून बघा. बऱ्याच जणांचं राहून जातं आणि मग गाडी विकताना किंवा क्लेमच्या वेळी अडतं. राहिलं असेल तर कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत काम करून घ्या. लॉक बसेपर्यंत गाडी रस्त्यावर नको, वाड्यात लावा.