वाचकांचे प्रश्न : मोबाइलमधील नोंदवही

नोंदी ठेवण्याच्या ॲपविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी नोकरी करते आणि घरी सासूबाईंच्या औषधोपचाराची जबाबदारीही माझ्याकडे आहे. त्यांच्या गोळ्यांची नावे डायरीत, तपासणीचे अहवाल मोबाइलमधल्या फोटोंत, कार्यालयातली कामे वेगळ्या वहीत आणि उरलेले बरेचसे स्वतःलाच पाठवलेल्या संदेशांत असते. ऐन वेळी काहीच हाताशी लागत नाही. नोंदींच्या ॲपने यात खरोखर फरक पडेल, की शोधायची आणखी एक जागा तेवढी वाढेल?
— एक नोकरदार वाचक

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आधीच्या चारही जागा तशाच चालू ठेवून त्यांत ॲपची भर घातली, तर जागा पाच होतील आणि शोधाशोध वाढेल. ॲपचा खरा लाभ तेव्हाच मिळतो, जेव्हा ‘ही गोष्ट मी कुठे लिहिली होती?’ या प्रश्नाला एकच उत्तर असते. म्हणून पहिला निर्णय कोणते ॲप घ्यावे हा नसून, यापुढे नवी नोंद दुसरीकडे कुठेही करायची नाही, हा आहे. जुने सगळे लगेच उतरवून काढण्याच्या मागे लागू नये. जुन्या डायरीतली एखादी गोष्ट जेव्हा लागेल, तेव्हाच ती ॲपमध्ये आणावी. ज्याची पुन्हा कधी गरज पडली नाही, ते डायरीतच राहिले तरी काही बिघडत नाही.

सासूबाईंचेच उदाहरण घेऊ. त्यांच्या नावाची एकच नोंद तयार करावी. सर्वांत वर सध्या चालू असलेल्या गोळ्या, त्यांचे प्रमाण आणि वेळा लिहाव्यात. त्याखाली कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक असावेत. आणि मग प्रत्येक भेटीचा दिनांक टाकून डॉक्टरांनी काय सांगितले ते, सर्वांत अलीकडची भेट वर येईल अशा क्रमाने, लिहीत जावे. अहवालांचे फोटो त्या त्या दिनांकाखाली जोडता येतात. फोटोतली छापील अक्षरे ओळखणारी ॲप आज आहेत, तरीही फोटोखाली तपासणीचे नाव आणि दिनांक स्वतः लिहिलेला बरा. मशीनच्या वाचनावर औषधोपचारासारखी गोष्ट सोपवू नये. ‘ही गोळी कधीपासून चालू आहे?’ असे डॉक्टरांनी विचारताच आपल्याला आठवणीला ताण न देता उत्तर देता येईल. शिवाय ही नोंद घरातल्या इतरांबरोबर सामायिक करता येते. आपल्याला रजा मिळाली नाही आणि यजमान त्यांना घेऊन गेले, तर त्यांच्याही हाती तीच माहिती असेल आणि डॉक्टरांचे नवे सांगणे ते तिथेच लिहू शकतील. कागदी डायरीला हे जमत नाही, कारण ती एका वेळी एकाच ठिकाणी असते.

दुसरा लाभ मनाचा आहे आणि माझ्या मते तोच मोठा आहे. अपुरे राहिलेले काम आपण दुसरे काही करत असतानाही मनात डोकावत राहते. ई. जे. मॅसिकाम्पो आणि रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अपुऱ्या कामाचे विचार वाचनात व्यत्यय आणतात. मात्र ते काम केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना ज्यांनी आखली, त्यांना हा व्यत्यय जाणवला नाही. काम पूर्ण झालेले नव्हते, केवळ योजना ठरली होती. यातून नोंद कशी लिहावी हेही कळते. ‘सासूबाई – डोळे’ असे लिहिलेली नोंद मनावरचे ओझे उतरवत नाही, कारण काय करायचे ते ठरवणे अजून बाकीच असते. ‘सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन करून डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेणे’ असे लिहून त्याला सोमवार सकाळचा रिमाइंडर लावला, तर रविवारी तो विषय मनात घोळत राहण्याचे कारण उरत नाही. मात्र यासाठी आपला त्या नोंदवहीवर विश्वास हवा आणि तो आठवड्यातून एकदा सगळ्या चालू नोंदींवरून नजर फिरवल्यानेच बसतो. हा आढावा टळू लागला, की मन पुन्हा सगळे स्वतःच धरून ठेवू लागते.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात लॅपटॉपवर नोंदी घेतल्या तर लक्षात राहत नाही, असे आमचे सर सांगतात. सगळेच ॲपमध्ये ठेवण्याची सवय लागली तर माझी स्मरणशक्ती कमी होईल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : आपल्या सरांच्या म्हणण्याला आधार आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लॅपटॉपवर नोंदी घेणारे विद्यार्थी संकल्पना समजून सांगण्याच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडले. टंकलेखनाचा वेग जास्त असल्याने ते व्याख्यान शब्दशः उतरवत होते; हाताने लिहिणाऱ्यांना निवड करावी लागत होती. पुढे २०१९ साली इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही. म्हणून साधनाला दोष देण्याऐवजी शब्दशः उतरवण्याची सवय सोडावी, असे मी म्हणेन. वर्गात वहीतच लिहावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी, वही मिटून, आठवेल तेवढे स्वतःच्या शब्दांत ॲपमध्ये लिहावे. नंतर वही उघडून सुटलेले भरावे. या पद्धतीत उजळणी आपोआप होते आणि परीक्षेच्या वेळी शोधता येण्याजोगी टिपणेही तयार असतात.

स्मरणशक्तीविषयी बोलायचे, तर जे साठवले आहे असे आपल्याला ठाऊक असते, ते कमी लक्षात राहते, असे प्रयोगांत आढळले आहे. त्याची दुसरी बाजूही आहे. बेंजामिन स्टॉर्म आणि शॉन स्टोन यांनी २०१५ साली दाखवून दिले, की एक फाइल जतन करून मग दुसरी अभ्यासली, तर दुसरीतला मजकूर अधिक चांगला लक्षात राहतो. पण जतन करण्याची सोय बेभरवशाची असेल, तर हा लाभ मिळत नाही. तेव्हा शुल्क भरण्याची अंतिम तारीख, ग्रंथालयातील पुस्तके परत करण्याचा दिवस, वेळापत्रक हे सारे खुशाल ॲपकडे द्यावे. ज्या विषयात आपल्याला विचार करायचा आहे, त्याच्या मूळ कल्पना मात्र डोक्यातच हव्यात, कारण डोक्यात नसलेल्या दोन गोष्टींचा संबंध आपल्याला सुचू शकत नाही.

प्रश्न : माझ्या ॲपमध्ये हजाराहून अधिक नोंदी आहेत. फोल्डर आणि उपफोल्डर पुष्कळ केले, तरी हवे ते सापडत नाही. मांडणी कशी बदलावी?
— एक लेखिका

उत्तर : फोल्डर कमी करावेत. एकच नोंद दोन-तीन विषयांत बसत असल्याने, ती कुठे टाकावी हा प्रश्न ठेवताना पडतो आणि कुठे टाकली हा प्रश्न शोधताना. ‘चालू कामे’, ‘संदर्भ’ आणि ‘संपलेले’ एवढे तीन फोल्डर बहुतेकांना पुरतात. बाकीचे काम शोधाच्या सोयीवर आणि मोजक्या टॅगवर, म्हणजे नोंदीला जोडलेल्या खुणेच्या शब्दांवर, सोपवावे. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने संगणकाविना सुमारे ९०,००० टिपणांच्या चिठ्ठ्या सांभाळल्या, त्या विषयवार कप्पे करून नव्हे. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक, तिच्यावर संबंधित चिठ्ठ्यांचे क्रमांक आणि सोबत शब्दांची सूची, अशी त्याची रीत होती. आपण लेखिका आहात, म्हणून एका नोंदीतून दुसरीकडे दुवा देण्याची सोय आपल्याला विशेष उपयोगी पडेल. नवी नोंद लिहिताच, आधीच्या कोणत्या नोंदीशी हिचे नाते आहे, असे स्वतःला विचारून तो दुवा तिथल्या तिथे जोडावा. काही महिन्यांनी लेखाचा आराखडा त्या दुव्यांतूनच दिसू लागतो.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. पुष्कळ ॲप अक्षरे जशीच्या तशी जुळवतात, शब्दाची रूपे ओळखत नाहीत. नोंदीत ‘विजेचे बिल’ लिहिले आणि शोधताना ‘वीज’ टाकले, तर ती नोंद समोर येत नाही, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हे आहेत. म्हणून शीर्षकात शब्द मूळ रूपात लिहावेत : ‘वीज – बिल – मार्च २०२५’. लिपी आणि आकडेही सर्वत्र एकाच पद्धतीचे ठेवावेत. कधी देवनागरी तर कधी रोमन, अशी सरमिसळ झाली की निम्म्या नोंदी शोधाबाहेर राहतात. शीर्षक लिहिताना ‘सहा महिन्यांनी मी हे कोणत्या शब्दाने शोधेन?’ असा विचार करण्याची सवय लागली, तर आपली बरीचशी अडचण दूर होईल.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी आठवणी आणि वाचनाची टिपणे ॲपमध्ये लिहू इच्छितो. परंतु ॲप बंद पडले किंवा त्याला पैसे पडू लागले तर? कोणते ॲप निवडावे?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : ही भीती अनाठायी नाही. २००८ सालापासून चालत आलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस मोफत वापरावर ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. म्हणून ॲप निवडताना लिहिणे किती सोपे आहे याआधी, लिहिलेले बाहेर कसे काढता येते हे पाहावे. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंद आपल्याच संगणकावर साध्या मजकुराची फाइल म्हणून राहते. ते ॲप उद्या नसले, तरी फाइल इतर कशानेही उघडता येते. जॉप्लिन हे मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला आहे असे, ॲप आहे आणि त्यातूनही सर्व नोंदी एकत्र बाहेर काढता येतात. गूगल कीप सर्वांत सोपे आहे, पण छोट्या नोंदी आणि याद्यांसाठी. दीर्घ आठवणींसाठी ते सोयीचे नाही. आपल्या लेखनाचे स्वरूप पाहता मी पहिल्या दोहोंपैकी एक सुचवेन. सुरुवातीची मांडणी करताना घरातल्या कोणाला शेजारी बसवून घ्यावे. कोणतेही ॲप घेतले, तरी दर महिन्याला सर्व नोंदी एक्स्पोर्ट करून एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. सिंक होणे, म्हणजे सर्व उपकरणांवरील नोंदी आपोआप एकसारख्या होणे, हा बॅकअप, म्हणजे वेगळी राखीव प्रत, नव्हे : एका उपकरणावर चुकून पुसलेली नोंद सिंक होताच दुसऱ्यावरूनही नाहीशी होते.

प्रश्न : बँकेचे पासवर्ड नोंदींच्या ॲपमध्ये ठेवले तर चालतील का?
— एक वाचक

उत्तर : नाही. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर हे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारे वेगळे साधन आहे, तेच वापरावे. यापूर्वी नोंदींत लिहून ठेवलेले पासवर्ड आधी बदलावेत, मग ती नोंद पुसावी आणि ॲपच्या कचरापेटीतूनही काढून टाकावी. गूगल कीपमध्ये पुसलेली नोंद कचरापेटीत ७ दिवस राहते, ॲपलच्या नोट्समध्ये त्याहून बराच अधिक काळ. ती नोंद कोणाबरोबर सामायिक केलेली असेल, तर त्या व्यक्तीकडे तिची प्रत किंवा स्क्रीनशॉट उरलेला नाही, याचीही खात्री करून घ्यावी.