गाठ गेली, धास्ती राहिली

इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊन दोन वर्षं झालेली, कॅन्सर परतू नये म्हणून रोज लेट्रोझोलची एक गोळी चालू. मनात एकच, "परत तर येणार नाही ना?" काकांचं उत्तर ठरलेलं, "झालं ना आता, विसर." मग काकू बोलेनाशाच झाल्या.

विचारता विचारता कळलं, की त्या दिवसातून आठ-दहा वेळा काख चाचपतात. दाबून दाबून जागा हुळहुळी झालेली, आणि दुखतंय म्हणून पुन्हा चाचपणं. मग ठरवलं, हाताने तपासणी महिन्यातून एकदाच, ठरल्या तारखेला, अंघोळीच्या वेळी. एरवी हात गेलाच तर वहीत वेळ लिहायची आणि उठून कामाला लागायचं. सुरुवातीला बेचैनी वाढते, तिथेच बऱ्याच जणी सोडून देतात.

खरी काळजीची गोष्ट वेगळीच निघाली. सकाळी बोटं, गुडघे आखडत. काकूंनी धरलं की कॅन्सर हाडांत पसरला. पुढे कुणीतरी "गोळीनेच होतं" म्हटल्यावर त्या गुपचूप गोळी चुकवू लागल्या. म्हणजे जो परतू नये म्हणून गोळी, त्याच्याच भीतीपायी गोळी बंद! लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन खाली आणतं, त्यामुळे सांधे धरतात. हालचाल केली की बहुधा मोकळे होतात. हाडात पसरल्याचं दुखणं बरेचदा एका जागी असतं, रात्रीही थांबत नाही, वाढत जातं. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. त्रास सांगितला तर ते गोळी बदलून देऊ शकतात.

काकूंना दर तीन महिन्यांनी पेट (PET) स्कॅन, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे आहे का ते बघणारी तपासणी, हवा होता. लक्षणं नसताना त्याची शिफारस नाही. ठरल्या वेळी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) पुरते. पण नवी गाठ, धाप, दोन आठवड्यांत न हटणारं दुखणं किंवा खोकला असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि काळजी करायला संध्याकाळची वीस मिनिटं ठरवून द्यायची, खुर्चीत बसून, अंथरुणात नव्हे. काकांनी तेव्हा फक्त ऐकायचं.

झोप आणि जेवण दोन्ही उडालं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. लेट्रोझोलऐवजी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते आधी सांगावं; पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधं टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात.